कळ सोडण्याचा क्षण

लिनक्सच्या डेस्कटॉपवर स्वतःचे शॉर्टकट बांधणे, म्हणजे ठरावीक कळा एकत्र दाबताच ठरावीक आज्ञा पाळली जाईल अशी योजना करणे, हे काम नाव, आज्ञा आणि कळा या तीन रकान्यांत संपते असे मानले जात असले, तरी जो रोज मराठी आणि रोमन अशा दोन मांडण्यांत लिहितो त्याचे खरे काम त्या रकान्यांच्या पुढे सुरू होते. 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत रोमन 'सी'च्या कळीवर 'म' आणि 'व्ही'च्या कळीवर 'न' येतो. त्यामुळे कंट्रोलसह ती कळ दाबली असता तिला 'सी' समजायचे की 'म', हे प्रत्येक प्रोग्रॅमला ठरवावे लागते, आणि सगळे ते एकसारखे ठरवत नाहीत.

याहून चिवट अडचण मांडणी पालटण्याच्या कळांची आहे. सावित्री नदीच्या मुखाजवळच्या हरिहरेश्वरात मजकुराची जुळणी करणाऱ्या एका कारागिराने त्यासाठी कंट्रोल आणि शिफ्ट ही जोडी निवडली होती, आणि तिच्यापायीच त्याची कित्येक वर्षे खर्ची पडली. या गावी दर्शनाचा क्रम ठरलेला आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, आणि पुन्हा काळभैरव. कळांच्या जोडणीतही साहाय्यक कळ, म्हणजे स्वतः अक्षर न उमटवता दुसऱ्या कळीचा अर्थ बदलणारी कळ, आधी दाबली जाते, मग अक्षराची कळ येते, आणि साहाय्यक कळ सर्वांत शेवटी सुटते. परंतु एक्सकेबी, म्हणजे कळांना अक्षरे नेमून देणारी लिनक्समधील जुनी व्यवस्था, या जोडीवर मांडणी पालटते ती कळा दाबताक्षणी. त्या सुटेपर्यंत ती थांबत नाही. परिणामी टर्मिनलमध्ये नक्कल करण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि 'सी' दाबू जावे, तर तिसरी कळ पोहोचण्याआधीच मांडणी बदललेली असते. कारागिराने आज्ञा बदलल्या, कळांचे तक्ते पुन्हा लिहिले, बोटांचा वेग बदलून पाहिला. जोडी मात्र सोडली नाही.

रोमन अक्षरांत मराठी टंकून शब्दाची निवड यंत्रावर सोपवणाऱ्यांविषयी त्याचे मत कठोर आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेद इनस्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्याच्या बोटांत असतो, कारण 'ऱ' शिफ्टसह 'र'च्याच कळीवर आहे, आणि एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला डोंगर असलेल्या गावात हा भेद अंदाजावर सोडणे त्याला भाषेचा ऱ्हास वाटते. शॉर्टकटांच्या बाबतीत मात्र त्याचे मन द्विधा आहे: लिनक्सची वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था कोणत्याही प्रोग्रॅमला साऱ्या कळफलकावर परस्पर कान ठेवू देत नाही; सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे हे त्याला पटते, तरी त्यामुळे निकामी झालेल्या जुन्या साधनांची हळहळ त्याच्या बोलण्यातून जात नाही.

पुढे त्याच्या डाव्या करंगळीचे सांधे आखडू लागले आणि कंट्रोल दाबून धरणे दुखू लागले. त्याच सुमारास शिकायला येणाऱ्या श्रीवर्धनच्या मुलीने स्वतःच्या यंत्रावर मांडणी पालटण्याचे काम कॅप्स लॉकला दिले. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नसतातच, मग ती कळ अडवून का ठेवायची, असे तिचे म्हणणे होते. एकटीच दाबायची कळ असल्याने कोणती आधी आणि कोणती शेवटी हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता.

हा पर्याय कारागिराला पहिल्या वर्षापासून ठाऊक होता. एका कळीने होणारे काम नवशिक्याचे दिसते, म्हणून त्याने तो नाकारला होता. पाहणाऱ्याने दोन्ही हातांची चपळाई पाहून थक्क व्हावे, ही ओढ त्यामागे होती, आणि त्याने बांधलेल्या शंभरावर शॉर्टकटांपैकी कितीतरी त्या ओढीनेच बांधले गेले होते. ती मुलगी घरी गेल्यावर त्याच रात्री त्याने आपल्या यंत्रावरही कॅप्स लॉकची योजना केली. तिला मात्र त्याने ते अजून सांगितलेले नाही.