बिऱ्हाड मोटारीच्या पाठीवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो. पण ती खरी करून दाखवणाऱ्या माणसांची एक मोठी जत्रा भरते, आणि उतारवयात आपल्यालाही त्या जत्रेला बिऱ्हाड घेऊन जावे लागेल, असे कधी स्वप्नातही आले नव्हते. आमचे चिरंजीव अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरी राहतात. सौ. आणि मी सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. त्या मुक्कामात हा योग आला.

या जत्रेचे नाव ‘ओव्हरलँड एक्स्पो’. २००९ साली ती सुरू झाली. आता अमेरिकेत निरनिराळ्या ठिकाणी भरते. त्यांपैकी पश्चिमेकडची मे महिन्यात फ्लॅगस्टाफ गावाजवळ, फोर्ट टटहिल नावाच्या मैदानावर. एके काळी तेथे ॲरिझोनाच्या नॅशनल गार्डचा उन्हाळी तळ असे. आज तेथे शुक्रवार ते रविवार हजारो माणसे जमतात. रस्ता संपला तरी ज्यांचा प्रवास संपत नाही, अशा लोकांच्या मोटारी, त्यांवरचे तंबू, टायर, कप्प्या, दोरखंड, चुली असे सारे तेथे मांडलेले असते. चिखलातून गाडी कशी काढावी, फुटलेले चाक रानात कसे सांधावे, याचे वर्ग भरतात. आणि गंमत अशी की, पाहुण्यांनी हॉटेलात न उतरता तेथेच राहुट्या ठोकून राहावे, अशी सोय असते. त्यासाठी निराळी तिकिटे काढावी लागतात, आणि तीही कितीतरी आधी.

हा नाद तसा नवा नाही. १९५५ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची काही पोरे दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन लंडनहून सिंगापूरला निघाली आणि पोचलीही. १९५७ च्या एप्रिलात ‘इंडियामॅन’ नावाची बस लंडनहून उतारू घेऊन सुटली आणि जूनमध्ये कलकत्त्याला लागली. आणि त्याही आधी, १९२३ साली, आपल्या मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतले हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. हे मी चिरंजीवांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “बाबा, ते पंचविशीतले होते.”

या वाक्यात पुढचे सगळे आले. चिरंजीवांचा बेत त्यांच्यापुरता, सूनबाईंपुरता आणि दहा वर्षांच्या नातीपुरता होता. आम्ही दोघांनी घरी आराम करावा, असे ठरले होते. कारणे सगळी खरी होती. फीनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ११०० फुटांवर. फ्लॅगस्टाफ ७००० फुटांवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून दीड हजार फूट वर! मे महिन्यात फीनिक्सला अंगाची लाही होते, तर त्याच रात्री फ्लॅगस्टाफला पाणी गोठायला एक-दोन अंशच उरतात. त्यात माझा रक्तदाब आणि सौ.चे गुडघे. काळजीपोटी बोललेले कळत होते. पण काळजीपोटी माणसाला घरी ठेवतात तेव्हा ते त्याला जास्त लागते, हेही तितकेच खरे.

मी डॉक्टरांना विचारून आलो. त्यांनी सांगितले, पाणी भरपूर प्या, पहिला दिवस धावपळ करू नका, गोळ्या चुकवू नका. मग मी चिरंजीवांना म्हटले, “तुम्ही दोघे नोकरीत बुडालेले. तयारीचं सगळं माझ्याकडे द्या.” मी एस.टी.च्या डेपोत तीस वर्षे भांडार सांभाळले आहे. वस्तू मोजणे आणि लिहून ठेवणे, एवढे एकच काम मला येते. पण ते येते.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर माझी वही उघडली. पाण्याचा हिशेब पहिला. तळावर नळाचा भरवसा धरू नये आणि माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरांहून थोडे जास्त, पाणी धरावे, असा या लोकांचा दंडक. पाच माणसे, चार दिवस : ७६ लिटर. विस्तवाचे दुसरे कलम. आपल्या वळवासारखा पाऊस तिकडे मे महिन्यात नसतो. त्यांचाही पावसाळा आहे, त्याला तेही ‘मॉन्सून’च म्हणतात, पण तो जुलैच्या सुमारास येतो. तोवर पाइनचे रान वाळून काडेपेटी झालेले असते. शेकोटीचा विचारच सोडावा. शेगडी गॅसची, तीही नियम पाहून. तिसरे कलम वाऱ्याचे. त्या पठारावर वसंतात वारा असा सुटतो की साध्या खुंट्या उपटून निघतात. म्हणून लांब, जाड खुंट्या.

चौथ्या कलमावर वाद झाला. मी लिहिले, ‘प्रेशर कुकर, ३ किलो.’ सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तिथे सगळे सुकं, डब्यातलं खातात.” मी म्हटले, “सात हजार फुटांवर पाणी त्र्याण्णव अंशांनाच उकळतं. तूरडाळ साध्या पातेल्यात दुपारपर्यंत शिजायची नाही.” सौ.नी एवढेच विचारले, “अहो, पण आपण कुठं जाणार आहोत?” मी गप्प बसलो. कुकर यादीत राहिला.

एका शनिवारी परसातल्या हिरवळीवर रंगीत तालीम केली. जुना सहा माणसांचा तंबू उभारून नात आणि मी आत झोपलो. पहाटे चार वाजता हिरवळीला पाणी घालणारे कारंजे आपल्या वेळेवर सुरू झाले आणि खिडकीच्या जाळीतून थेट माझ्या उशीवर आले. नात हसून हसून लोळली. मी वहीत लिहिले : ‘खिडकी मिटूनच झोपावे.’ रंगीत तालमीचा उपयोग असतो तो असा.

शेवटचे कलम वजनाचे. अमेरिकेत मोटारीच्या दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो; माणसे आणि सामान मिळून किती ओझे गाडीने वाहावे, हे त्यावर छापलेले असते. चिरंजीवांच्या गाडीवर आकडा होता ५७७ किलो. त्यापुढे गेले की ब्रेक, चाके आणि स्प्रिंगा यांच्यावर ताण येतो, आणि डोंगराच्या उतारावर तो जिवाशी येतो. डेपोत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको.

न्हाणीघरातला वजनकाटा आणून मी एकेक वस्तू तोलली. पाणी ७६. शीतपेटी आणि तिची बॅटरी ४०. शिधा, शेगडी, भांडी, अंथरुणे, कपडे, खुर्च्या, हत्यारे मिळून १०८. जुना तंबू १४. आणि टपावरचा तंबू, त्याच्या लोखंडी चौकटीसह, ९८! हा टपावरचा तंबू म्हणजे चिरंजीवांचा जीव की प्राण. दोन वर्षे पैसे साठवून घेतलेला. गॅरेजच्या छताला टांगून ठेवलेला. शिडी चढून वर जायचे, झाकण उघडले की घर तयार. ज्या जत्रेत असे तंबू शेकड्यांनी दिसतात, तेथे आपलाही एक असावा, यासाठी तर हा सगळा खटाटोप.

सामान झाले ३३६. पाच माणसांचे वजन २९९. कुकर ३. एकूण ६३८. म्हणजे ६१ किलो जास्त.

आता माझे वजन ५८. मी आणि माझा कुकर गाडीतून उतरलो की हिशेब काट्यावर जुळत होता.

तो कागद पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसलो. पाण्याचा आकडा निम्मा लिहिला असता, तर कुणी तपासले नसते. फ्लॅगस्टाफ गाव तळापासून जवळ आहे. निम्मे पाणी तिथे भरू म्हटले, तरी २३ किलो उरतच होते. खुर्च्या कमी दाखवल्या असत्या, तर तेही भागले असते. पण तीस वर्षांत भांडाराच्या वहीत एक खोटा आकडा लिहिला नाही. आणि या गाडीत नात बसणार होती. मी बेरीज जशीच्या तशी ठेवली, खाली रेघ मारली आणि कागद चिरंजीवांच्या हाती दिला. “तुमचं म्हणणं बरोबर होतं. तुम्ही तिघं जा,” एवढे बोलून मी झोपायला गेलो.

रात्री गॅरेजात पाने-हातोड्यांचा आवाज येत राहिला. मला वाटले, तंबू टपावर चढतो आहे. सकाळी चहा घेऊन गेलो, तर टप मोकळा होता. तंबू पुन्हा छताला टांगलेला, आणि लोखंडी चौकट भिंतीला उभी. चिरंजीव हात पुसत म्हणाले, “पाचशे चाळीस झालं, बाबा. सदतीस किलो शिल्लक आहेत. आईसाठी ती जाड गादी घेऊ.” मला काही बोलणे सुचले नाही. मी म्हटले, “गादी चार किलो. लिहून घेतो.”

गुरुवारी पहाटे निघालो. फीनिक्सहून फ्लॅगस्टाफ सुमारे १४५ मैल. सुरुवातीला हात उंचावून उभे असलेले सग्वारो निवडुंग. चढण लागली की ते मागे पडतात. वर्दे नदीचे खोरे उतरून पुन्हा चढताना गाडी दमली नाही, ब्रेक तापले नाहीत. माझा कान सारखा तिकडेच होता. मग एकाएकी दोन्ही बाजूंना पाँडेरोसा पाइनचे उंच रान आले आणि काचेतून थंड हवा आत शिरली.

मैदानावरचा थाट काय वर्णावा! रांगेने हजारो गाड्या, आणि टपाटपावर तंबू, जणू झाडांवरची घरटी. आमचा जुना तंबू त्यात गावाकडच्या पाहुण्यासारखा दिसत होता. चिरंजीव संध्याकाळभर एकेक टप न्याहाळत हिंडले; मीही बरोबर हिंडलो. ते थांबत तेथे मी थांबत होतो.

रात्री थंडीने दातखिळी बसली, पण आकाश असे उघडले की बोलता सोय नाही. याच गावच्या लोवेल वेधशाळेत १९३० साली प्लूटोचा शोध लागला. आणि रात्रीचा काळोख जपणारे जगातले पहिले शहर म्हणून २००१ साली फ्लॅगस्टाफचा गौरव झाला. सौ. जाड गादीवरून तंबूच्या दारातून तारे बघत होत्या. गुडघ्यांची तक्रार चार दिवसांत एकदाच आली.

सकाळी कुकरची पहिली शिट्टी झाली आणि शेजारचे तीन तळ दचकून उठले. एकजण धावत आला. त्याला वाटले, कुणाची गॅसची नळी फुटली. त्याला वाटीभर गरम खिचडी दिली. थोड्या वेळाने तो आपल्या टपावरच्या तंबूची शिडी दाखवत चिरंजीवांना म्हणाला, वर चढून बघा. चिरंजीव चढले. आत आडवे होऊन त्यांनी खाली डोकावले आणि हाक मारली, “बाबा, वर या.”

सात पायऱ्या होत्या. मी पहिल्याने त्या मोजल्या, मग दम खात चढलो.