घडीची रेघ

छत्रपती संभाजीनगरातील माझे घर म्हणजे एका जुन्या गोदामाचा वरचा मजला. एकच लांबट खोली, मध्ये भिंत नाही. कापडावरची नक्षी आखणे हा माझा व्यवसाय आणि जुनी वस्त्रे जमवणे हे व्यसन. त्यामुळे राहायला आलो तेव्हा पहिला विचार केला तो संग्रहाचा. जिन्याच्या प्रत्येक पायरीत खण केला, दिवाण आतून पोकळ ठेवला, तुळयांखाली फळ्यांचा माळा घातला. उंच कपाटांना चाके लावली. ती ओढली की निजायची खोली तयार होते, ढकलली की कामाला जागा मोकळी. दोनशेहून अधिक वस्त्रे या घरात आहेत आणि येणाऱ्याला एकही दिसत नाही, याचा मला अभिमान होता.

गेल्या वर्षी एका कामासाठी आजीकडून आलेली हिमरूची शाल काढली. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा विणकरांबरोबर ही कलाही इकडे आली, अशी आपल्याकडची जुनी समजूत. हिमरूत ताणा सुती आणि बाणा रेशमी. नक्षीचे जादा धागे पाठीमागे मोकळे राहतात. पैठणीसारखी ती दोन्ही अंगांनी सारखी नसते. शाल उलगडली आणि घडीच्या रेघेवर ती सरळ चिरत गेली. कसर नव्हती, ओल नव्हती. नऊ वर्षे ती एकाच घडीत पडून होती, इतकेच.

आजीकडे एकच पेटी होती. हवे ते लुगडे नेहमी तळाशी, म्हणून सगळे उपसावे लागे. शिवाय पावसाळा सरला की वस्त्रे सावलीत पसरून ती प्रत्येकाची घडी बदलून ठेवी. रेशीम आणि जर एकाच जागी सतत दुमडलेली राहिली तर तिथेच तुटतात, हे मी वर्गात शिकलो होतो. तिच्या ते अंगवळणी पडलेले होते. पेटीच्या गैरसोयीमुळे तिची वस्त्रे हाताखालून जात राहिली. माझ्या सोयीमुळे मला ती विसरता आली.

आता नाजूक वस्त्रे मलमलीत घेऊन जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळली आहेत. दिवाण काढून टाकला. त्या जागी एक लांब मेज आहे आणि त्यावर काहीही ठेवायचे नाही, असा नियम. दर रविवारी एक वस्त्र तिथे उलगडतो. शाल मात्र दोन तुकड्यांत आहे. ती सांधावी की तशीच राहू द्यावी, हे अजून ठरत नाही.