गप्प झालेला टॅपेट

इथे मी एरवी साखर, बीपी, थायरॉइड यांवर लिहितो. आज गाडीच्या इंजिनावर लिहिणार आहे. वडिलांची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे आणि ओपीडी नसलेल्या रविवारी मी तिच्याशी खटपट करत असतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. या पावसाळ्यात तिचं सिलिंडर हेड उतरवून आठही व्हॉल्व्ह काढले, घासले आणि परत बसवले. त्या कामातली एक गोष्ट मी पेशंटना वर्षानुवर्षं समजावत आलोय. एका माणसाला ती इंजिनामुळे पाच मिनिटांत पटली, म्हणून हा लेख.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००, आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून तुम्ही तिच्यात बसला असाल. तशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह. एक पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेतो, दुसरा जळालेला वायू बाहेर सोडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. हृदयाच्या झडपा दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडमीट करतात. फरक असा की इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला कॅमशाफ्ट लागतो; झडप रक्ताच्या दाबानेच उघडते आणि मिटते.

गाडी चढावर दम टाकू लागली होती. म्हणून लगेच हेड उघडायचं नसतं. आधी कंप्रेशन मोजायचं. एका सिलिंडरचं कमी आलं, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगांचा, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती भरते. न चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गळतंय. माझ्या तिसऱ्या सिलिंडरचा आकडा जागचा हलला नाही.

हेड अॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच नट सैल करायचे, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे. गरम हेड उतरवलं तर ते वाकतं. जुनं गॅस्केट खरवडताना मात्र डॉक्टर म्हणून बोलतो: जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, ओलं करून काढा, वायर ब्रश मशीनवर लावू नका. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की तिचा त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो.

आता व्हॉल्व्ह. काढण्याआधी एक पुठ्ठा घ्या, त्याला आठ भोकं पाडा आणि गाडीची पुढची बाजू कुठली ते त्यावर लिहा. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या सीटबरोबर आणि गाइडबरोबर झिजलेला असतो, तो जिथून निघाला तिथेच परत जायला हवा. मग स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग दाबायची, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरचे दोन छोटे लॉक मोकळे होतात. जुन्या इंजिनात ते चिकटलेले असतात. स्प्रिंगच्या टोपीवर हलकी टिचकी मारली की सुटतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. सुटलेला लॉक गोळीसारखा उडतो आणि तो डोळ्यात गेल्याची केस मी पाहिली आहे.

स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्ह अलगद ओढून बाहेर यावा. नाही आला तर जोर लावायचा नाही. दांडीचं टोक ठोके खाऊन थोडं पसरलेलं असतं. ती कड पॉलिश दगडाने मोडायची, नाहीतर बाहेर येताना ती गाइडला चरे पाडते.

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात आला तेव्हा कारण समोर होतं. कडेला नखाएवढा जळका खाच. व्हॉल्व्ह बंद असताना त्याची कड सीटला टेकते आणि त्याची बरीचशी उष्णता तिथूनच हेडमध्ये निघून जाते. नीट टेकलाच नाही तर उष्णता जायला वाट उरत नाही, फटीतून आगीचा झोत जातो आणि कड जळते.

आणि तो टेकत का नव्हता? टॅपेट टाइट होता. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट ठेवायची असते, कारण गरम झाल्यावर दांडी लांबते. फट जास्त असली तर टक-टक आवाज येतो. फट संपली की आवाज थांबतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. माझे मिस्त्री गेली चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेत, "वाजणारा टॅपेट परवडला, गप्प टॅपेट व्हॉल्व्ह खातो."

हेच मिस्त्री माझ्याबरोबर कामाला होते. वय अडुसष्ट. त्यांची परवानगी घेऊन पुढचं लिहितोय.

व्हॉल्व्ह घासायचं काम सोपं पण चिकाटीचं. कडेला पेस्ट लावायची, रबरी चकती असलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ताक घुसळताना रवी फिरवतो तशी दोन्ही तळव्यांत फिरवायची. मधून मधून उचलून जागा बदलायची. आधी जाड पेस्ट, मग बारीक. सगळीकडे सारखं, अरुंद, राखाडी कडं उमटलं की थांबायचं. जळका व्हॉल्व्ह मात्र घासून वाचत नाही, तो नवाच घ्यावा लागतो. मिस्त्री हे सगळं उभ्याने करतात. या वेळी दोनदा स्टुलावर बसले. कालपरवा जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली होती, असं सहज बोलून गेले.

मी स्टेथोस्कोप लावला. काही वर्षांपूर्वी त्यांना कुणी तरी सांगितलं होतं की हृदयात आवाज आहे, इको करा. केला नव्हता. यंदा मोतीबिंदूच्या आधी तपासलं तेव्हा "आवाज फार नाही" असं ऐकलं, आणि ते खूश झाले होते. मला आवाज ऐकू आला, पण अगदी हळू.

मी म्हटलं, "मिस्त्री, टॅपेट आपोआप गप्प झाला तर तुम्ही काय समजता?"

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी इकोला गेले.

महाधमनीची झडप कॅल्शियम साठून घट्ट होते, तेव्हा अरुंद वाटेतून जोराने जाणाऱ्या रक्ताचा आवाज येतो, त्याला आम्ही मर्मर म्हणतो. हृदय थकून रक्त कमी जोराने ढकलू लागलं की तोच आवाज मंदावतो. म्हणून आवाज कमी झाल्याने झडप सुधारली असं धरू नका. चढताना धाप, श्रम करताना छातीत दुखणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही असेल तर "वय झालं" म्हणून सोडू नका. २डी इको हा बिनदुखाचा तपास आहे, सुईसुद्धा लागत नाही.

मिस्त्रींची झडप फारच अरुंद निघाली, पंपिंगही घटलेलं. त्यांचा पहिला प्रश्न, "घासून बसवता येत नाही का, डॉक्टरसाहेब?" नाही. कडक झालेली झडप जळक्या व्हॉल्व्हसारखी, बदलावीच लागते. धातूची बसवली तर टिकते खूप, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि त्यासाठी रक्ततपासणी आयुष्यभर. प्राण्यांच्या पेशींपासून बनवलेलीला ती गोळी सहसा कायमची लागत नाही, पण काही वर्षांनी ती झिजते. त्यांच्या वयाला दुसरी योग्य होती. जाता जाता सांगतो, १९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार या सर्जनने बसवलेली कृत्रिम झडप ज्यांनी बनवली, ते लोवेल एडवर्ड्स डॉक्टर नव्हते. ते इंजिनिअर होते, विमानांच्या इंधन पंपांवर काम केलेले.

इकडे गाडीचं काम मी पुरं केलं. पेस्टचा कणही राहता कामा नये, म्हणून सगळं दोनदा धुतलं. व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं. दहा मिनिटांत एकही थेंब झिरपला नाही. मग दांड्यांना ऑइल, नवी सील, स्प्रिंग, आणि ग्रीसच्या ठिपक्याने जागी धरलेले लॉक. नट या वेळी मध्याकडून कडेकडे, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने. शेवटी फीलर गेज घेऊन टॅपेट. मिस्त्री शेजारी खुर्चीत बसून कान देत होते. ऑपरेशनला सात आठवडे झाले होते, आणि छातीचं हाड जुळेपर्यंत जड काही उचलायचं नाही अशी ताकीद आहे. सिलिंडर हेडही जडच, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

५०० किलोमीटर झाले की टॅपेट पुन्हा तपासायचे आहेत. माझे ३४० झालेत. मिस्त्रींचा पुढचा इको पुढच्या सोमवारी आहे. आधी तो करू, मग बॉनेट उघडू, असं ठरलंय.