मिशन कंपाउंड आणि भाजणीचा डबा

मैत्रिणींनो, यवतमाळ हे काही कुणी मुद्दाम पाहायला जावे असे गाव नाही. तिथे ना समुद्र, ना लेणी. माझे मात्र ते माहेर, म्हणून मला त्याचे कौतुक. धामणगावला रेल्वेतून उतरायचे आणि पुढचे पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटर एस.टी.ने. दोन्ही बाजूंना कापसाची आणि तुरीची शेते. हळूहळू चढ लागतो, सागाची झाडे दिसू लागतात आणि अमरावती-वर्ध्याच्या मानाने हवा जराशी हलकी वाटते. मूर्तिजापूरहून येणारी आमची लाडकी शकुंतला गाडी आता बंदच पडली आहे. तिचा वेग असा की, लघुशंकेला उतरलेला माणूस पळत जाऊन पुन्हा चढे, असे आमचे काका सांगत. खरे-खोटे देव जाणे!

या खेपेला मी गेले ती भावाकडे नव्हे, बालमैत्रिणीकडे. तिचा फोन आला होता. “तू ये. लेक चाललीय. आणि मला काय करावं ते सुचत नाही.” एवढेच बोलली आणि फोन ठेवला.

लेक म्हणजे तिची एकुलती एक मुलगी. शिकलेली नर्स, नवरा डॉक्टर. दोघे आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या देशात एका मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून जाणार होते. पगार नाही, राहायला घर आणि जेवणखाण. मुले दोन, मोठी नऊ वर्षांची, धाकटा तीनचा. माझी मैत्रीण ख्रिस्ती आहे हे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यातूनच येते. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. तिच्या घरच्या नाताळच्या करंज्या आणि आमच्या दिवाळीच्या करंज्या यांत काही फरक नसे. तिच्या आईचे सारण जरा जास्तच चांगले असे, हे माझ्या आईच्या पश्चात आता कबूल करायला हरकत नाही.

लहानपणी आम्ही ज्याला नुसते ‘मिशन’ म्हणत असू, तो आवार यवतमाळात अजून आहे. संध्याकाळी चहा घेऊन आम्ही दोघी तिकडे निघालो. जुन्या पद्धतीची कौलारू घरे, उंच छत, चहूबाजूंनी रुंद व्हरांडा. कडुनिंब आणि चिंच. काही घरांची पार पडझड झाली आहे, काहींत माणसे राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. त्या व्हरांड्यात बसून मैत्रीण मला म्हणाली, “या घरात ज्या बायका राहून गेल्या ना, त्यांच्या आयांचा मी कधी विचारच केला नव्हता. आता दिवसरात्र तोच करते.”

तुम्हीही करून पाहा. अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट चर्चचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे जोडपे १८८१ साली मुंबईच्या बंदरात उतरले. लग्न नुकतेच झालेले, नवी नवरीच म्हणा ना! मागे कुठल्या मंडळाचा ठरावीक पगार नाही. स्वदेशातली माणसे जे पाठवतील त्यावर भागवायचे, म्हणजे आजच्या भाषेत स्वयंसेवकच. आधी बऱ्हाणपूर, मग एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर. त्यांच्या मागोमाग त्याच चर्चची आणखी माणसे आली आणि काम वऱ्हाडातून यवतमाळ, वणी, दारव्ह्यापर्यंत पसरले. त्या काळी आमच्या जिल्ह्याचे नावदेखील यवतमाळ नव्हते बरं का, वणी जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये ते बदलले. धामणगावहून बैलगाडीने यायचे, रात्रभर. फीबीबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी मिळून इथल्या दिवसांवर एक पुस्तक लिहिले आणि पुढे त्यांची मुलगी एथेल हिने आईवडिलांचे चरित्र लिहिले, ते १९५१ मध्ये निघाले. ती स्वतःही हिंदुस्थानात मिशनरी होती. अशी ही घरेच्या घरे पिढ्यान् पिढ्या इकडची होऊन गेली.

आता विचार करा. फीबीबाईंची आई तिकडे अमेरिकेत. पत्र जायला महिना, उत्तर यायला महिना. मुलीला बाळ झाल्याचे कळेपर्यंत ते बाळ पालथे पडायला लागलेले असणार. आणि तापाची बातमी आली, तर तो ताप उतरला की त्या तापात सगळे संपले, हे कळायला आणखी एक बोट यावी लागणार. आपली मुलगी पुण्याहून रात्री नऊला फोन करत नाही म्हणून आपण साडेनऊला तिच्या शेजारणीला फोन लावतो!

आम्ही बोलत होतो तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक म्हातारी काठी टेकत आली. वय नव्वदीच्या घरात, पण बोलणे ठणठणीत. मैत्रिणीला ती ओळखते. म्हणाली, “माही माय मडमेच्या घरी आया होती. म्या तवा आठ-नऊ वर्साची असन.” मी तिला साहेबाच्या मुलांबद्दल विचारले. ही अमेरिकन मुले थोडी मोठी झाली की त्यांना दूर थंड हवेच्या शाळेत ठेवण्याची रीत होती. मसुरीला वूडस्टॉक ही शाळा १८५४ पासूनची, आणि कोडाईकनालची तर १९०१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच निघालेली. वऱ्हाडातून कोडाईकनाल म्हणजे आगगाडीने दोन-तीन दिवस.

म्हातारी म्हणाली, “पोरं गेली का मंग किती महिने दिसेच नाई. मडम मोटारीपाशी हासत उभी राहे, रुमाल हालवे. मोटार फाटकाच्या बाहीर गेली का घरात येऊन पोराईच्या गाद्या उन्हात टाके. अन् दिवसभर त्याच गाद्या उलट्या-पालट्या करे. माय म्हणे, आज बाईले सैपाकाचं इचारू नका.”

मैत्रीण काही बोलली नाही. पण तिने माझा हात धरला, आणि तेव्हा कुठे मला कळले की फोनवर तिला काय सांगायचे होते. लेकीने तिला विचारले होते, “आई, मोठीला तुझ्याकडे ठेवून जाऊ का? तिथे शाळेचं नीट जमेलसं दिसत नाही.”

नात दोन वर्षे आपल्याकडे राहायची! नवरा गेल्यापासून त्या घरात ती एकटीच आहे. कुठल्या आजीला नको वाटेल? हो म्हणायला तिचे मन अगदी आतुर झाले होते, आणि म्हणूनच तिला स्वतःवर भरवसा वाटत नव्हता.

परतताना आमचे थोडे वाजले, तेही सांगते. मी विचारले, “आणि हे सगळं कशासाठी? त्यांनी इथं येऊन पोटाला दिलं आणि धर्म घेतला, असंच आमच्या घरी बोलायचे.” लहानपणी हे मी तिला कधी बोलले नव्हते. आता साठी उलटल्यावर बोलले. आणि हे फक्त आमच्या घरचेच मत होते असे नाही. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती नियोगी यांची समिती नेमली होती. यवतमाळ तेव्हा त्याच राज्यात होते. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. परदेशी मिशनांच्या कामावर त्यात बोचरी टीका होती. दवाखाने, शाळा, अनाथाश्रम यांच्या आडून धर्मांतर होते, असा ठपका होता.

मैत्रीण रागावली नाही. तिचे आजोबा १९०० च्या दुष्काळात मिशनात आलेले पोर. वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले, घरेच्या घरे वाटेवर आली, आणि मिशनच्या अनाथालयांत मुलांची रीघ लागली. ती म्हणाली, “आजोबा सांगायचे, मला आधी पेज दिली, नाव नंतर विचारलं. देव कुठला ते त्याच्याही नंतर. तोवर मी लहानच होतो. मोठा झालो तेव्हा मी हाच झालो होतो. मग आता कुणाला काय विचारायचं?”

यावर मी काय बोलणार? भुकेल्या पोराचा होकार म्हणजे होकार नव्हे, असे माझे आजही मत आहे. पण ती पेज नसती तर माझ्या शेजारी बाकावर ती बसली नसती, हेही खरेच. हे दोन्ही एकाच ताटात वाढलेले आहे, त्यातले एकच उचलायचे म्हटले तर कसे उचलणार?

यवतमाळच्या मिशनाने आणखीही माणसे या गावाला दाखवली. १९५३ मध्ये इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, पाद्री होणाऱ्यांचे मोठे विद्यालय. देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी येत. नागालँड, मिझोराम ही नावे आम्ही भूगोलात वाचायच्या आधी तिकडची मुले आमच्या बाजारात भाजी घेताना पाहिली होती. मोडक्या मराठीत “कांदा कसा?” विचारायची आणि भाजीवाली त्यांना हमखास जास्त भाव सांगायची. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. आणि पांढरकवड्याकडच्या उमरीचा मिशन दवाखाना तर आमच्या भागात घरोघरी माहीत. गेल्या पिढीतल्या कितीतरी बायकांना अडलेल्या बाळंतपणात बैलगाडीत घालून उमरीला नेलेले आहे. माझ्या मोठ्या मामीला नेले होते. मामी वाचली. मुलगा आज पन्नास-बावन्नचा आहे.

रात्री जेवायला लेक आणि जावई आले. मैत्रिणीने पाटोडीची रस्सा-भाजी केली होती, झणझणीत, आणि ज्वारीची भाकरी. दोघे यादी काढून बसले होते. मच्छरदाण्या, हिवतापाच्या गोळ्या, धाकट्याच्या लशी, चपला दोन-दोन जोड. तिकडे रोजच्या जेवणात मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते, तिला ‘नसिमा’ म्हणतात, असे जावई सांगत होता. मैत्रीण म्हणाली, “म्हणजे आपला घाटाच की!”

मला राहवले नाही. मी मुलीला विचारले, “बाई, तूही तिथं आधी पेज देणार आणि नंतर नाव विचारणार का?” ती हसली. म्हणाली, “मावशी, तिथले बहुतेक लोक आधीपासून ख्रिस्तीच आहेत. मी त्यांना काय बाटवू? मला बाळंतपणं करायची आहेत. तिकडे हात कमी पडतात.” मग जरा थांबून म्हणाली, “आजोबांच्या बापाला कुणीतरी परक्या बाईनं पेज दिली होती, ते डोक्यात असतंच. ते फेडायचं म्हणून जाते असं मात्र म्हणणार नाही. मला जावंसं वाटतं म्हणून जाते.” तिचा हा खरेपणा मला आवडला. सेवेला निघालेली माणसे बहुधा असे बोलत नाहीत.

तेवढ्यात मोठी नात पाणी घ्यायला आली आणि आजीला चिकटून उभी राहिली. मैत्रिणीने तिच्या केसांवरून हात फिरवला. मला वाटले, आता ही हो म्हणणार. तिने लेकीकडे न बघता, ताटातली भाकरी मोडत सांगितले, “हिला घेऊन जा. दोन वर्षं शाळा बुडाली तर बुडू दे. मी पुस्तकं बांधून देते, तू रोज तासभर बस.”

“आई, पण तूच तर म्हणाली होतीस...”

“म्हणाले होते. आता नाही म्हणत.”

गाद्यांची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. मीही नाही. मुलगी बराच वेळ गप्प होती, मग उठून आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. आत काय बोलणे झाले मला माहीत नाही. भांडी मात्र खूप वेळ वाजत होती.

सकाळी मी उठले तो घरभर खमंग वास. मैत्रीण पहाटेपासून भाजणी भाजत बसली होती. तांदूळ, ज्वारी, चणाडाळ, उडीदडाळ, धणे-जिरे, सगळे वेगवेगळे, मंद आचेवर. डोळे सुजलेले, पण हात चालू. विमानात वजनाची मर्यादा आहे हे जावयाने दोनदा सांगितले, तिने ऐकले नाही. मेतकूट वेगळे, सांडगे वेगळे, आणि नातीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेला पितळी डबा भाजणीचा.

बसस्टँडवर मला सोडायला आली तेव्हा तिने एकच विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही, म्हणून तुम्हाला विचारते. तिकडे डिसेंबरपासून पावसाळा असतो, हवा दमट. अशा हवेत भाजणी सहा महिने टिकायची तर दळून न्यावी की भाजलेले धान्य तसेच नेऊन तिकडे दळावे? डब्यात कुणी हिंगाचा खडा ठेवतात, कुणी सुकी मिरची. आपल्यापैकी ज्यांच्या मुली दमट हवेच्या देशात आहेत त्यांनी जरूर कळवावे. तिची निघायची तारीख पुढल्या महिन्याची आहे.