न वाचलेलीं पत्रें

आमच्या वडील बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, हृदयांतील एक झडप २०२१ सालीं काढून तेथें कृत्रिम झडप बसविली, तेव्हांपासून रक्त पातळ राखणारी गोळी त्यांची जन्माची सोबतीण झाली आहे. तिचें माप रक्ततपासणीवरून ठरतें. आयएनआर नांवाचा आकडा दादांच्या बाबतींत २ व ३ यांच्या दरम्यान असावा लागतो. खालीं गेला तर झडपेवर गुठळी धरण्याची भीति, वर गेला तर रक्तस्रावाची. दादांची कन्या डॉक्टर असून नागपुरास असते. अहवाल पुण्यास आमच्याकडे ईमेलनें येई व तो तिला कळविण्याचें काम आमचें असे. आम्ही पडलों विसराळू! तेव्हां आमच्या चिरंजीवांनीं 'एनएटएन' नांवाचें, २०१९ सालीं बर्लिन येथें जन्मास आलेलें साधन घरच्या लहानशा संगणकावर बसवून दिलें. त्यानें दर तासास टपाल चाळावें, अहवाल असल्यास आकडा वेचून तक्त्यांत लिहावा, मग कन्येस संदेश धाडावा आणि कोठें अडलें तर आम्हांस पत्रानें कळवावें, अशी ती योजना होती.

पत्रें येऊं लागलीं, आणि येतच राहिलीं. घटकाभर इंटरनेट गेलें, पत्र. दूरच्या यंत्रानें उत्तर देण्यास क्षणभर विलंब लावला, पत्र. पुढच्या तासास सारें आपोआप सुरळीत झालेलें असे. वाड्यांतील कुत्रें येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर भुंकूं लागलें म्हणजे घरधनी कूस बदलून झोंपतो. आम्हींही तेंच केलें. तीं पत्रें परस्पर एका निराळ्या कप्प्यांत पडावींत असा नियम करून टाकला, आणि वर आपल्या हुशारीचें कौतुकही केलें.

एके सकाळीं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दोन दिवस यांच्या हिरड्यांतून रक्त येतें आहे. नागपूरहून कांहीं कळलें का?"

आम्हीं कन्येस फोन लावला. "काका, माझ्याकडे अहवाल आलाच नाहीं," ती म्हणाली. "तुमच्याकडून कांहीं नाहीं, म्हणजे तपासणी लांबली असेल असें मला वाटलें."

कप्पा उघडला. तक्त्यांत लिहिण्याचा परवाना संपल्यामुळें योजना नऊ दिवस त्याच पायरीवर अडत होती व इमानानें दर तासास तसें कळवीत होती. दोनशेंहून अधिक पत्रें, एकही उघडलेलें नाहीं. अहवालांतील आकडा ४.८ होता. दादांना त्याच दिवशीं रुग्णालयांत दाखविलें, गोळी दोन दिवस बंद ठेवली, आकडा उतरला. दादा आम्हांस एका शब्दानेंही बोलले नाहींत, हेंच अधिक लागलें.

मग चिरंजीवांनीं व आम्हीं मिळून सारें नव्यानें मांडलें. अडलेल्या पायरीनें थोडें थांबून तीन वेळां पुन्हा यत्न करावा; तरीही न जमल्यास चुकांसाठींच केलेली दुसरी योजना जागी व्हावी आणि कोणती योजना, कोणत्या पायरीवर, कशामुळें अडली हें आम्हांस व कन्येस एकाच वेळीं कळवावें. कप्प्याचा नियम अर्थातच पुसला. परीक्षा पाहण्यासाठीं मुद्दाम चूक करून योजना हातानें चालविली, तों कांहींच पत्र आलें नाहीं! बराच वेळ घाबरलों. मागाहून उमजलें कीं, मूळ योजना आपल्या आपण चालत असतां चुकली तरच ही दुसरी जागी होते. हातानें चालविलेल्या खेपेस ती मोजीत नाहीं.

एक शंका उरलीच. संगणकच बंद पडला तर चूक कळविणार कोण? यासाठीं रोज सायंकाळीं आठ वाजतां "चालू आहे" एवढाच संदेश नागपुरास जातो, आणि तो न आल्यास कन्येनें विचारणा करावी असें ठरलें आहे. वहिनींचा मात्र यांतल्या कशावरच विश्वास नाहीं. त्या प्रत्येक आकडा स्वयंपाकघरांतील कालनिर्णयावर पेन्सिलीनें लिहितात, आणि आतां त्यांना कोणी हंसत नाहीं.

गेल्या मंगळवारीं वीज गेली. आठ वाजून दहा मिनिटांनीं अंधारांत फोन वाजला. "काका, आठ वाजून गेले. बाबा बरे आहेत ना?"