हळदीचा दाखला

जुन्या गोव्यातील चर्चे मागे टाकून बाणस्तारीचा पूल ओलांडला, की कुंभारजुव्याच्या कालव्यापलीकडे सृष्टीचा रंगच पालटतो. पावसाळ्यात तर माड-पोफळींच्या ओल्या छायेतून रस्ता माशेलला कधी पोहोचतो, ते कळतही नाही. फोंडे तालुक्यातील हे गाव देवळांचे. येथील देवकीकृष्ण मूळचा चोडण बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी मूर्ती आधी मयेला व पुढे माशेलला आणली. याच देवळापुढील मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला रंगतो.

या मुलखात परसात हळद असतेच. नागपंचमीला तिच्या पानांत पातोळ्या उकडायच्या आणि बोट कापले तर चिमूटभर हळद दाबायची, हे येथे कोणी कोणास मुद्दाम शिकवीत नाही.

परंतु 1995 साली अमेरिकेत याच गुणावर पेटंट दिले गेले. क्रमांक 5401504. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचा हक्क मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे गेला. गंमत अशी, की संशोधक दोघेही मूळचे भारतीय होते. त्याला आव्हान दिले ते भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने. तिचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर; 1943 साली त्यांचा जन्म झाला तो याच माशेलात!

‘आमच्या घरोघरी हे ठाऊक आहे’ एवढे म्हणणे तेथे पुरेसे नव्हते. लेखी आधार हवा होता. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसा 1953 साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेखही होता. 1997 मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. पुढे 2001 साली पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले.

त्यात ग्रंथांतील ज्ञान नोंदले जाते. खरचटल्यावर चोळावयाचा दगडी पाला, चटक्यावर लावावयाचा कोरफडीचा गर, यांची प्रमाणे आणि पथ्ये मात्र बहुधा वृद्धांच्या तोंडीच असतात. ती लिहून ठेवावीत, आणि पारखूनही घ्यावीत. जुने तेवढे सारेच हितकर नसते. भाजल्यावर प्रथम वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडावे, हे आजचे वैद्यक सांगते; मोठ्या भाजण्यावर हळद थापली, तर जखमेची खोली डॉक्टरांना दिसत नाही.

माशेलची घरेही आता एकेक करून बंद होत आहेत. मुले पणजी-मुंबईकडे, त्याहूनही दूर जातात. परसातली हळद मागे उरेल, पण ती कशी वापरावी हे सांगणारे उरतील का? चोडणचा देव वाचला, तो कोणीतरी वेळीच उचलून आणला म्हणून. हे ज्ञानही कोणी तरी वेळीच उचलावयास हवे.