कड घेणारे शब्द

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पूर्वी घरी यायचे, आता तपासणी केंद्रावर जाऊन बसावं लागतं. एवढं बदललं, पण एक वाक्य काही माझी पाठ सोडत नाही: 'द डॉग इज स्लीपिंग बिहाइंड ऑफ द हाउस.' कुत्र्याची कधी मांजर होते, घराची शाळा होते, 'बिहाइंड ऑफ' मात्र जागचं हलत नाही. सुरुवातीला मी त्या 'ऑफ'वर लाल रेघ मारून पुढे जायचे आणि स्टाफरूममध्ये त्यावर हसायचेही. आता हसू येत नाही. कारण ही चूक करणाऱ्या मुलाचं गणित बरोबर असतं.

आपण 'घराच्या मागे' म्हणतो. मागे म्हणजे 'बिहाइंड', च्या म्हणजे 'ऑफ'. झाला हिशेब. वर इंग्रजीच त्याला चकवते. 'इन फ्रंट ऑफ द हाउस' म्हणताना 'ऑफ' लागतो, 'ऑन टॉप ऑफ'लाही लागतो. कुत्रा घरापुढे बसला तर 'ऑफ' हवा आणि मागे जाऊन झोपला तर नको, हा कुठला न्याय? वर्गात एका मुलीने मला नेमकं हेच विचारलं होतं. ''ते पाठच करायचं गं,'' असं मी म्हणाले, आणि म्हणताना माझी मलाच लाज वाटली. घरी येऊन शब्दकोश काढून बसले ते त्यामुळे.

उत्तर शब्दांच्या वयात होतं. 'बिहाइंड' हा हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतच एकजीव झालेला शब्द आहे. 'फ्रंट' फ्रेंचमधून आला, मूळचा लॅटिन, अर्थ कपाळ. तो नाम म्हणून आला आणि नामच राहिला. नाम असलं की कोणाचं, हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर द्यायला 'ऑफ' लागतो. 'बिहाइंड'मध्ये नामच नाही, मग 'ऑफ' कशाला टेकणार?

हे एकदा दिसलं की इंग्रजी शब्दयोगी पदांचा सगळा पसारा वेगळाच दिसू लागतो. 'बाय माय साइड' आणि 'बिसाइड मी' घ्या. शब्द तेच: 'बाय' आणि 'साइड'. पहिल्यात ते सुटे आहेत, म्हणून मधल्या फटीत 'माय' शिरतो. दुसऱ्यात ते जुन्या काळीच सांधले गेले, फट बुजली, म्हणून मालकाला दाराबाहेर 'मी' होऊन उभं राहावं लागतं. 'इन माय स्टेड' आणि 'इन्स्टेड ऑफ मी' यांचंही तसंच. 'स्टेड' म्हणजे जागा, 'होमस्टेड'मध्ये तो अजून आहे. सुटा असताना माझी जागा, सांधल्यावर 'ऑफ मी'. मात्र इथे सांधा बसूनही 'ऑफ' मागे राहिलाच, 'बिसाइड'सारखा गळून पडला नाही. भाषा घडवणारे लोक हिशेबनीस नसतात.

मराठीने यात अधिक उदारपणा दाखवला आहे. आपण 'घराच्या मागे'ही म्हणतो आणि 'घरामागे'ही. सुटं ठेवलं तर षष्ठीचा 'च्या', जोडलं तर नुसतं सामान्यरूप. इंग्रजीत ज्यासाठी शतकं जावी लागली ते दोन्ही पर्याय आपण एकाच दमात वापरतो. शाळेच्या व्याकरणात आपण 'नामसाधित शब्दयोगी अव्यये' म्हणून कडे, मध्ये, मुळे, विषयी ही यादी घोकलेली असते. घोकताना कोणी थांबून सांगत नाही की 'मुळे'मध्ये झाडाचं मूळ आहे आणि 'कडे'मध्ये कड, म्हणजे बाजू. भांडणात कोणाची कड घ्यायची, ती हीच. 'माझ्याकडे ये' म्हणजे माझ्या कडेला ये.

बाजूवरून आठवलं. 'ऑन माय बिहाफ' मधला 'हाफ' म्हणजे निम्मा नव्हे. जुन्या इंग्रजीत 'हाफ'चा एक अर्थ बाजू असा होता. माझ्या बाजूने, एवढंच ते म्हणतं. याला आपण मराठीत काय म्हणतो? 'माझ्यातर्फे'. आणि 'तर्फे'चं मूळ अरबी 'तरफ', अर्थ पुन्हा बाजू. कोर्टाच्या कागदावर 'वादीतर्फे' लिहिणारा कारकून आणि 'ऑन बिहाफ ऑफ द प्लेंटिफ' लिहिणारा त्याचा इंग्रज भाऊबंद, दोघांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट लिहिली आहे. शब्दकोशात हे सापडलं त्या दिवशी मी दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा गार होऊ दिला.

'फॉर माय सेक' मधला 'सेक' तर थेट कोर्टातलाच. मूळ अर्थ तंटा, खटला. मग झाला कारण, मग झाली खातर. आता तो एकटा कुठे भेटतच नाही. कोणाचा तरी असल्याशिवाय 'सेक'ला अस्तित्व नाही. आपल्या 'खातर'चंही तेच, ती नेहमी कोणाच्या तरीच खातर असते.

मुलांना आता मी एक चाचणी देते. त्या पदातलं नाम अजून श्वास घेतंय का, ते बघा. 'अ‍ॅट माय एक्स्पेन्स', 'इन माय फेवर', 'इन माय अ‍ॅब्सेन्स': खर्च, मर्जी, गैरहजेरी, तिन्ही नामं जिवंत, म्हणून 'माय' चालतो. 'बिकॉज'मधला 'कॉज' शब्दात चिणला गेलाय, म्हणून 'बिकॉज ऑफ मी'. चाचणी दर वेळी लागू पडत नाही. 'फ्रंट' जिवंत असूनही 'इन माय फ्रंट' कोणी म्हणत नाही, 'इन फ्रंट ऑफ मी'च म्हणावं लागतं. 'इन स्पाइट ऑफ मी'मध्येही 'स्पाइट' हे धडधाकट नाम आहे, तरी मालक मागेच. या 'स्पाइट'चं मूळ लॅटिनमध्ये वरून खाली बघणं, तुच्छ लेखणं असं आहे. आपल्याकडे त्याला नेमका जोड आहे: माझ्या नाकावर टिच्चून. त्याचाच थोरला भाऊ 'डिस्पाइट'. आमच्याकडे दर तिसऱ्या उत्तरपत्रिकेत 'डिस्पाइट ऑफ' असतं आणि ते चूकच धरायचं असतं. पण मध्ययुगीन इंग्रजीत 'इन डिस्पाइट ऑफ' होतं, मग 'डिस्पाइट ऑफ' झालं, मग 'ऑफ' गळाला. म्हणजे आमचा विद्यार्थी अडाणी नाही, चारेकशे वर्षं उशिरा जन्मलाय.

खुद्द 'ऑफ'ची कुळकथाही मजेची. हा 'ऑफ' आणि दिवा बंद करतानाचा 'ऑफ' मूळचे एकच. अर्थ होता पासून, दूर. मालकी दाखवायला जुन्या इंग्रजीत आपल्यासारखी षष्ठी होती, नामाला प्रत्यय लागायचा. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि त्या वळणाने हा 'पासून'वाला 'ऑफ' हळूहळू 'चा-ची-चे'ची कामं करू लागला. जुना प्रत्ययही मेला नाही. अ‍ॅपॉस्ट्रॉफी लावून तो आजही नांदतोय. एका घरात दोन षष्ठ्या.

आणि कधी कधी दोघी एकाच पदात. 'अ फ्रेंड ऑफ माइन'. 'ऑफ' आहे तर 'मी' पुरे, मग 'माइन' कशाला? पुढे लंडनचा बिशप झालेला रॉबर्ट लाउथ याने १७६२ च्या आपल्या व्याकरणात याचा उलगडा केला: 'अ सोल्जर ऑफ द किंग्ज' म्हणजे राजाच्या अनेक शिपायांपैकी एक, असा अर्थ. पटतं, पण 'दॅट नोज ऑफ हिज'चं काय? नाकं काही अनेक नसतात. डॅनिश व्याकरणकार ओट्टो येस्पर्सन याने म्हणूनच 'पैकी'चा अर्थ नाकारला. मला येस्पर्सनच बरोबर वाटतो. खरी अडचण इतकीच की आजच्या इंग्रजीत 'अ' आणि 'माय' एकाशेजारी एक बसत नाहीत. मराठीत 'माझा एक मित्र', 'ते त्याचं नाक' खुशाल चालतं. इंग्रजीत एकाला मागच्या दाराने आत घ्यावं लागतं.

या मागच्या दाराचा फायदा मात्र आपल्याकडे नाही. 'रविवर्म्याचं चित्र' म्हणजे त्याने काढलेलं, की त्याचं कोणी काढलेलं, की त्याच्या मालकीचं? मराठीत संदर्भावर भिस्त. इंग्रजीत 'अ पेंटिंग ऑफ रविवर्मा' म्हटलं तर चित्रात तो स्वतः हवा, 'ऑफ रविवर्माज' म्हटलं तर चित्र त्याच्या हातचं किंवा त्याच्या संग्रहातलं. माझ्या भाषांतराच्या वर्गातल्या एका मुलाने प्रदर्शनाच्या पत्रकात शकुंतलेच्या चित्राखाली पहिलं लिहिलं. छापून आलं तेव्हा पायातला काटा काढण्याचं निमित्त करणारी ती तरुणी म्हणजे राजा रविवर्मा, असं झालं.

गेल्या वर्षी एका उत्तरपत्रिकेत 'ही स्टुड इन माय फ्रंट' असं वाक्य आलं. पेन उचललं, ठेवलं. 'फ्रंट' नाम आहे, नामाला मालक असतो, मालक नामाच्या आधी येतो. पोराने नियम नीट ओळखला होता, फक्त इंग्रजांनी तो तिथे पाळला नव्हता. मी अर्धा गुण दिला. मॉडरेटरने तो काढून घेतला.